हद्द ओलांडणारा प्रवास : प्रादेशिक वाहतूक नियोजन आणि स्थानिक संस्थांचं सहकार्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरसेवक, सरपंच, पालिकेतले अभियंते आणि रोज दोन-तीन हद्दी ओलांडून कामावर जाणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. पैशाबद्दलची उत्तरं लांबली आहेत, कारण सहकार्य बहुतेक वेळा तिथेच अडतं.

प्रादेशिक वाहतूक नियोजन म्हणजे नेमकं काय?

माणूस एका पालिकेत राहतो, दुसरीत नोकरी करतो आणि त्याची मुलगी तिसरीतल्या कॉलेजात जाते. त्याच्यासाठी हा एकच दिनक्रम असतो, सरकारी कागदावर मात्र त्याचे तीन तुकडे पडतात. लोक प्रत्यक्षात जिथून जिथे जातात तो सगळा पट्टा एक धरून रस्ते, बस, रेल्वे, पायी चालणं आणि मालवाहतूक यांचा एकत्र विचार करणं म्हणजे प्रादेशिक वाहतूक नियोजन. त्यात आजच्या गर्दीची मोजणी येते, पुढच्या वीसेक वर्षांत वस्ती आणि रोजगार कुठे सरकतील याचा अंदाज येतो, आणि कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणाच्या पैशातून, हेही ठरतं. हा शेवटचा भाग गाळला की आराखडा देखणा दिसतो, पण त्यातून एकही काम उभं राहत नाही.

प्रत्येक पालिका आपला विकास आराखडा करतेच. मग हा वेगळा कशाला?

दोन लगतच्या पालिकांचे आराखडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्रत्येक नकाशा आपल्या हद्दीपाशी थांबतो, पलीकडे कोरा कागद. अलीकडच्या पालिकेने तीस मीटर रुंदीचा रस्ता हद्दीपर्यंत आखलेला असतो. पलीकडच्या नकाशात त्याच जागी बारा मीटरचा रस्ता असतो, आणि तोही थोडा बाजूला सरकलेला. दोन्ही आराखडे रीतसर मंजूर झालेले, हरकती-सूचना ऐकून घेतलेल्या. रस्ता बांधून झाला की वाहनं नेमकी हद्दीवर तुंबतात. मग तिथे सिग्नल बसतो, त्याची देखभाल कोणी करायची यावर पत्रव्यवहार सुरू होतो आणि तोवर पिवळा दिवा नुसता लुकलुकत राहतो.

बसचंही तसंच. एका परिवहन सेवेची बस हद्दीवरच्या शेवटच्या थांब्यावरून माघारी वळते. पुढची बस दुसऱ्या सेवेची, तिचा थांबा रस्ता ओलांडून बऱ्याच अंतरावर. दोन्ही वेळापत्रकं आपापल्या जागी चोख आहेत, पण पहिली बस पोचते तेव्हा दुसरी नुकतीच सुटलेली असते. वेळापत्रकं लावणारी माणसं एकमेकांना कधी भेटलेलीच नसतात. अशा ठिकाणी उड्डाणपूल लागत नाही. दोन आगारप्रमुख एकत्र बसले तरी पुष्कळ काम होतं, मात्र त्यांना तसं बसवण्याचा अधिकार कोणाला तरी असावा लागतो. तो अधिकार कोणाकडे, हे ठरवणं हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

हे सगळं सुरू कुठून झालं?

अमेरिकेत १९६२ च्या महामार्ग कायद्याने एक अट घातली. पन्नास हजारांहून जास्त लोकवस्तीच्या नागरी भागांना केंद्राचा रस्तेनिधी हवा असेल, तर राज्य आणि स्थानिक शासनांनी मिळून, सातत्याने आणि सर्वांगाने विचार करून नियोजन केलं पाहिजे. तिथल्या महानगर नियोजन संस्था या अटीमुळे वाढल्या. आज त्या चारशेहून अधिक आहेत. १९९१ च्या कायद्याने कामं निवडण्यात त्यांचा शब्द वजनदार केला. त्यांचा आराखडा किमान वीस वर्षांचा असावा लागतो, आणि जेवढा पैसा खरोखर मिळण्यासारखा आहे तेवढ्यातच तो बसवावा लागतो. हा दुसरा नियम मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. पैशाची मर्यादा आली की प्रत्येक गावाला आपली मागणी दुसऱ्याच्या मागणीशेजारी ठेवून बघावी लागते.

युरोपात वाट वेगळी निघाली. जर्मनीत हाम्बुर्ग शहरात १९६५ मध्ये वेगवेगळ्या वाहतूक संस्थांनी मिळून एक वाहतूक संघ स्थापन केला. गाड्या ज्याच्या त्याच्या, पण भाडं आणि वेळापत्रक सगळ्यांचं एक. आज तो संघ हाम्बुर्गबरोबर शेजारच्या दोन राज्यांतल्या जिल्ह्यांनाही सेवा देतो, आणि जर्मनीत अशा संघांची रीतच पडली.

अशी संस्था कोणत्या स्वरूपाची असावी?

एकच साचा नाही. लंडनमध्ये २००० सालापासून बस, भुयारी रेल्वे आणि मुख्य रस्ते हे सगळं निवडून आलेल्या महापौरांच्या अखत्यारीतल्या एका संस्थेकडे आहे. त्याआधी १९८६ मध्ये तिथली महानगर परिषद बरखास्त झाली होती, म्हणजे चौदा वर्षं अख्ख्या शहरासाठी निवडून आलेलं कोणीच नव्हतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये प्रादेशिक परिषदेचे सदस्य थेट लोक निवडून देतात. झ्युरिकमध्ये १९९० मध्ये सुरू झालेला वाहतूक संघ कँटनचा, म्हणजे तिथल्या राज्याचा आहे, पण वेळापत्रकावर बोलायला गावांच्या प्रादेशिक परिषदा आहेत. बहुतेक अमेरिकी संस्था मात्र निव्वळ मंडळं असतात: महापौर आणि जिल्ह्यांचे प्रतिनिधी येतात, निर्णय घेतात आणि अंमलबजावणी पुन्हा आपापल्या कार्यालयातून होते.

भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य पालिकांचे लोकनियुक्त सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात. कल्पना उत्तम होती, पण बऱ्याच ठिकाणी ती समिती कागदावरच राहिली आणि काम राज्य सरकारच्या विकास प्राधिकरणांकडे गेलं. मुंबईचं प्राधिकरण तर १९७५ पासूनचं, घटनादुरुस्तीच्याही आधीचं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली आणि २०१७ च्या मेट्रो धोरणाने केंद्राची मदत हवी असेल तर ते बंधनकारक केलं. तमिळनाडूने चेन्नईसाठी तसा कायदा २०१० मध्येच केला होता, केरळने २०१९ मध्ये केला.

माझं मत विचाराल तर स्वरूपापेक्षा दोन गोष्टी आधी बघाव्यात. संस्थेकडे स्वतःचा पैसा आहे का, आणि बस वेळेवर आली नाही तर लोकांनी कोणाला जाब विचारायचा ते ठरलेलं आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती संस्था बैठकांपुरतीच राहते.

खर्च वाटायचा कसा? आमची चर्चा दर वेळी इथेच थांबते.

इथे थांबणं स्वाभाविक आहे, म्हणून एक काल्पनिक मार्ग घेऊन आकडे मांडून पाहू.

मार्ग २४ किलोमीटरचा. त्यातले १४ किलोमीटर मोठ्या शहरात, ८ उपनगरात आणि २ मधल्या गावात. तूट, म्हणजे तिकिटांतून भरून न निघालेला खर्च, किलोमीटरप्रमाणे वाटली तर शहराकडे साधारण ५८ टक्के, उपनगराकडे ३३ आणि गावाकडे ८ टक्के येतात. शहर लगेच म्हणतं, बस आमच्या रस्त्यावरून जास्त धावत असेल, पण तिच्यात बसलेली शंभरातली साठ माणसं उपनगरात राहतात. बरं, मग प्रवाशांच्या राहत्या पत्त्याप्रमाणे वाटू: शहर ३०, उपनगर ६०, गाव १०. आता उपनगराचा आवाज चढतो: आमची माणसं तुमच्याच कार्यालयांत राबतात, त्यांच्यामुळे तुमच्या तिजोरीत कर येतो, आणि तिकडे पोचवण्याचा भुर्दंड आम्हाला? गाव म्हणतं, जलद बस आमच्याकडे थांबतच नाही.

तिघांचंही खरं आहे. म्हणून बहुतेक टिकाऊ करारांत दोन-तीन निकषांचं मिश्रण असतं. वरचे दोन निकष निम्मे-निम्मे धरले तर वाटे साधारण ४४, ४७ आणि ९ टक्के होतात. कोणीच खूश नाही, पण प्रत्येकाला आपल्या सभागृहात समजावून सांगता येईल असा हा आकडा आहे. अशा चर्चेत ती फार मोठी गोष्ट असते. थांबत नसलेल्या बसचे किलोमीटर गावाच्या खात्यात धरायचे नाहीत, एवढी एक ओळ घातली की गावाचाही विरोध मावळतो.

झ्युरिकच्या संघात तुटीचा निम्मा भार कँटन उचलतो आणि निम्मा गावं. कोणत्या गावाने किती द्यायचं हे मुख्यतः त्या गावाला किती सेवा मिळते यावर ठरतं, त्यात गावाच्या करक्षमतेचाही विचार होतो. त्यामुळे जास्त फेऱ्या मागणाऱ्याला त्या मागणीची किंमत आधीच दिसते. पुण्यात २००७ मध्ये दोन महापालिकांच्या बससेवा एकत्र करून एक कंपनी झाली, तेव्हा दोघींचा वाटा ६०:४० असा ठरला. सरळ प्रमाणाचा फायदा म्हणजे ते कोणालाही समजतं. तोटा असा की वस्ती आणि मार्ग बदलत जातात, प्रमाण मात्र जागचं हलत नाही. फ्रान्सने तर तिसराच दाता शोधला. १९७१ पासून पॅरिस परिसरातल्या मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो आणि नंतर तो इतर शहरांतही लागू झाला. कामगार वेळेवर पोचण्याचा लाभ मालकालाही होतो, हा त्यामागचा विचार.

आणखी एक बाब करारात हमखास राहून जाते: डेड किलोमीटर. आगार एका टोकाला असेल तर पहाटे पहिली फेरी सुरू करायला बस रिकामी दुसऱ्या टोकाला न्यावी लागते. हे किलोमीटर कोणाच्या खात्यात, ते आधीच लिहा. नाहीतर पहिल्या लेखापरीक्षणातच वाद उभा राहतो.

आमच्या भागात रेल्वे येतच नाही. आम्ही पैसे का द्यायचे?

हा प्रश्न लंडनमध्ये थेट सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. १९८१ मध्ये महानगर परिषदेने भाडी सुमारे एक तृतीयांश उतरवली आणि तूट भरून काढायला सगळ्या उपनगरांवर जादा मालमत्ता कर लावला. ब्रॉम्ली या उपनगरात भुयारी रेल्वेचं एकही स्थानक नव्हतं. त्यांच्या परिषदेने दावा लावला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो जिंकला. पुढच्या मार्चमध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९८३ मध्ये महानगर परिषदेने कायद्याच्या चौकटीत बसेल अशी कपात आणली आणि बस व भुयारी रेल्वे दोन्हींना चालणारा ट्रॅव्हलकार्ड पास काढला.

ब्रॉम्लीचा राग मला समजतो. शेजारच्या भागात लोक रेल्वेने गेले तर आपल्या रस्त्यावरची गर्दीही कमी होते, हा अप्रत्यक्ष लाभ खरा आहे. पण ज्याच्या दारात काहीच येत नाही त्याला तो ऐकवून उपयोग नाही. त्याला रेल्वे स्थानकापर्यंत नेणारी बस द्या, रेल्वेशी तिची वेळ जुळवा, आणि मग वर्गणी मागा. क्रम उलटा झाला की गाव कायमचं विरोधात जातं.

मोठं शहर लहान गावांना गिळणार नाही का?

भीती रास्त आहे. लोकसंख्येप्रमाणे मतं दिली तर शहर एकटंच सगळं ठरवतं. प्रत्येक संस्थेला एकेक मत दिलं तर चार लहान गावं मिळून लाखो प्रवाशांचा निर्णय अडवू शकतात. त्यावरचा चांगला तोडगा म्हणजे मोठ्या खर्चाच्या निर्णयांना दोन्ही बहुमतं लागतील असा नियम: सदस्य संस्थांचंही आणि लोकसंख्येचंही. रोजच्या कामकाजाला एवढं जड कुलूप लावू नये.

एखाद्या संस्थेने बाहेर राहायचं ठरवलं तर?

योजना मरत नाही, पण नकाशाला भोक पडतं. अमेरिकेतल्या अटलांटाची वेगवान रेल्वे पाच काउंटींसाठी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांसाठी, कल्पिली होती. कॉब काउंटीने १९६५ मध्येच नकार दिला. १९७१ च्या मतदानात फुल्टन आणि डीकॅल्ब यांनी कर मान्य केला, क्लेटन आणि ग्विनेट यांनी नाकारला. त्या नकारामागे कराइतकाच वंशद्वेषही होता, हे तिथला इतिहास लपवत नाही. क्लेटनने २०१४ मध्ये मत बदललं, म्हणजे चार दशकांहून अधिक काळाने. ग्विनेटने २०१९ मध्ये पुन्हा नाही म्हटलं.

यातून घेण्यासारखं असं की दार उघडं ठेवावं आणि उशिरा येणाऱ्याने काय भरायचं ते पहिल्या दिवशीच ठरवावं. मागची थकबाकी मागून हट्ट धरला तर तो येतच नाही, आणि भुर्दंड त्याच्या हद्दीतल्या प्रवाशाला बसतो. त्या प्रवाशाने तर नकारही दिलेला नसतो.

सगळीकडे एकच तिकीट काढायला एवढी वर्षं का लागतात?

यंत्र बसवणं सोपं असतं. अडचण असते ती जमा झालेला पैसा वाटण्याची. प्रत्येक परिवहन सेवेला वाटतं, एकत्र गल्ल्यात आपलं उत्पन्न बुडेल. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या भोवती दोन डझनांहून अधिक वाहतूक संस्था आहेत. कार्ड एकच चालायला लागलं, पण भाड्याचे नियम वर्षानुवर्षं ज्याचे त्याचे राहिले. याउलट पॅरिस परिसरात २०१५ मध्ये मासिक पासाचे प्रदेशानुसारचे दरच काढून टाकले आणि सगळीकडे एकच दर केला.

सुरुवातीची काही वर्षं कोणाचंही उत्पन्न आधीपेक्षा कमी होणार नाही अशी हमी वरच्या शासनाने दिली, तर ही भीती लवकर ओसरते. तोवर कोण कुठे चढतो-उतरतो याची खरी माहिती हाताशी येते आणि वाटप अंदाजाऐवजी मोजणीवर करता येतं.

वीस वर्षांनंतरच्या प्रवासाचा अंदाज कसा बांधतात? तो खरा ठरतो का?

रूढ पद्धत चार पायऱ्यांची आहे. प्रदेशाचे लहान विभाग पाडून आधी प्रत्येक विभागातून किती फेऱ्या, म्हणजे लोकांचे किती प्रवास, निघतील ते काढतात, मग त्या कुठे जातील, कशाने जातील आणि शेवटी कोणत्या रस्त्याने किंवा मार्गाने जातील. त्यासाठी घरोघरी सर्वेक्षण करतात.

अंदाज चुकतात, आणि त्याचं एक कारण ओळखीचं आहे. रस्ता रुंद केला की नवी वाहनं येतात आणि काही वर्षांत तो पुन्हा भरतो. ही वाढ हिशेबात धरली नाही तर कोणताही रुंदीकरण प्रकल्प फायद्याचा दिसतो. दुसरी अडचण सहकार्याची आहे. प्रत्येक पालिका स्वतःच्या लोकसंख्यावाढीचा आकडा फुगवून देते. असे सगळे आकडे जोडले तर प्रदेशात शक्य नाही इतकी माणसं राहू लागतात. म्हणून एकूण आकडा प्रदेशाचा एकच ठरवावा आणि त्यातून खाली वाटप करावं. ही बैठक खर्चाच्या बैठकीइतकीच कडाक्याची होते.

वाहतुकीच्या आराखड्यात घरबांधणीचा विषय कशाला?

कारण फेऱ्या घरांतून निघतात. कोपनहेगनच्या १९४७ च्या आराखड्यात शहराची वाढ हाताच्या पाच बोटांसारखी, उपनगरी रेल्वेच्या मार्गांलगत आखली आणि बोटांमधली जागा मोकळी राखली. पुढे त्यात फेरफार झाले, तरी आजही तिथल्या पालिकांच्या नियोजनाला ती चौकट आहे. एका पालिकेने बोटांमधल्या मोकळ्या जागेत वसाहती मंजूर केल्या असत्या तर बाकीच्यांनी पाळलेली शिस्त वाया गेली असती.

लोकांना थेट मतदानाने विचारायला काय हरकत आहे?

विचारावं, पण आधी काहीतरी दाखवावं. ग्रेटर मँचेस्टरमध्ये २००८ साली गर्दी-कर (गर्दीच्या भागात वाहन नेण्यावरचा कर) आणि त्यातून वाहतूक सुधारणा अशा योजनेवर मत घेतलं. दहाही पालिकांत ती मोठ्या फरकाने पडली. व्हँकुव्हरमध्ये २०१५ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर सुमारे ६२ टक्के मतदारांनी नाकारला.

मँचेस्टरची पुढची वाटचाल मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८६ मध्ये लंडनबाहेरच्या ब्रिटनमध्ये बससेवा खुल्या बाजारावर सोडल्या होत्या. मार्ग आणि भाडं कंपन्या ठरवत. दहा पालिकांनी २०११ मध्ये संयुक्त प्राधिकरण उभं केलं, २०१७ च्या कायद्याने मिळालेला अधिकार वापरला आणि सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. मार्ग, भाडं आणि गाड्यांचा रंगही एक झाला. असा बदल डोळ्यांसमोर असेल तर पुढचा कर मागताना बोलायला काही असतं.

आमच्या दोन-तीन गावांनी सुरुवात कशापासून करावी?

प्राधिकरणाची वाट बघत बसू नका. हद्द ओलांडणारा, प्रवासी असलेला एकच मार्ग निवडा. दोन्हीकडची वेळापत्रकं आणि थांब्यांची माहिती एकाच नमुन्यात आणा. आज जगभर वापरला जाणारा वेळापत्रकांचा खुला नमुना २००५ मध्ये पोर्टलंडच्या स्थानिक वाहतूक संस्थेने गूगलबरोबर केलेल्या कामातूनच निघाला. तो वापरायला परवानगी लागत नाही. मग हद्दीवरचे दोन थांबे एका जागी आणा आणि वेळा जुळवा. एवढ्याला फारसा निधी लागत नाही.

त्यानंतर लेखी करार करा. त्यात तुटीचं सूत्र, ते किती वर्षांनी तपासायचं, तक्रार कोण घेणार, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, वाद कोणाकडे न्यायचा आणि बाहेर पडायचं असेल तर किती महिने आधी कळवायचं, हे सगळं असावं. बाहेर पडण्याचं कलम लिहायला लोक कचरतात, पण तेच असल्यामुळे लहान गाव सही करायला धजावतं. ठराव सगळ्या सभागृहांत शक्यतो एकाच महिन्यात मंजूर करून घ्या. एकाने केला आणि दुसऱ्याने पुढच्या बैठकीवर ढकलला, तर मध्ये निवडणूक येते, आचारसंहिता लागते, आणि नव्या सभागृहापुढे विषय पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.